खरखर घालवणारा माणूस

विकणे आहे : जुना हाय-फाय स्टिरिओ रिसीव्हर. जपानी बनावट, एएम-एफएम, लाकडी कॅबिनेट, चालू स्थितीत.

अशी जाहिरात आजही अधूनमधून दिसते. पायोनियर, सॅन्सुई, केनवुड, मरांट्झ ही त्यातली नेहमीची नावं. १९७० च्या दशकात या कंपन्यांमध्ये वॉटची जोरदार चढाओढ लागली होती. १९७६ साली पायोनियरने एसएक्स-१२५० काढला, तो प्रत्येक चॅनलला १६० वॉट देणारा. दोनच वर्षांनी एसएक्स-१९८० आला, प्रत्येक चॅनलला २७० वॉट आणि वजन सुमारे ३५ किलो! म्हणजे हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर चढवायचा तर दोघं हवीत, आणि पूर्ण आवाजात लावला तर रेक्टर सरांना बोलवायला कुणी जायची गरज नाही.

घेणारा माणूस साधारण ठरलेले प्रश्न विचारतो. वॉट किती? पॉवर ट्रान्झिस्टर मूळचे आहेत का? व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना कचकच होते का? प्रश्न योग्यच आहेत. पण त्या रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीकडे जरा नीट बघा. मधोमध ट्यूनिंगचा जड नॉब. एक सुई सिग्नलचा जोर दाखवणारी. दुसरी सुई स्टेशन बरोबर मध्यावर आलंय का ते सांगणारी. बाजूला स्टिरिओचा छोटा लाल दिवा. या सगळ्यामागे मुख्यतः एका माणसाचं आयुष्य आहे, आणि ते कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग सगळ्यांना माहीत असतो, ट्रम्पेटवाला काहींना. हा तिसरा मात्र आपल्या ई अँड टीसीच्या मुलांनाही फक्त आर्मस्ट्राँग मेथडचा ब्लॉक डायग्राम काढताना भेटतो. परीक्षा झाली की आपण दोघंही एकमेकांना विसरतो.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत नोकरीला, आई शाळेत शिकवायची. लहानपणी त्याला मोठं आजारपण आलं. त्यातून तो उठला, पण खांदा आणि जबडा मधूनच झटका बसल्यासारखे उडायचे, ते जन्मभर राहिलं. दोन वर्षं शाळा सुटली, अभ्यास घरीच. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या योंकर्स गावी राहायला गेलं. तिथल्या घराची माळ्यावरची खोली या मुलाच्या ताब्यात आली आणि ती तारा, कॉइल, बॅटऱ्यांनी भरून गेली. मार्कोनीची गोष्ट वाचली होती, त्यामुळे मोठं होऊन काय व्हायचं हे कोवळ्या वयातच ठरलं होतं. घराच्या आवारात त्याने १२५ फूट उंचीचा अँटेनाचा खांब स्वतः उभा केला. दोरीला बांधलेल्या फळीवर बसून तो वर जायचा, तेव्हा शेजारपाजारचे लोक खाली श्वास रोखून उभे असायचे. उंचीची भीती त्याला कधीच वाटली नाही.

१९०९ साली तो कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आला. लाल रंगाच्या मोटरसायकलवरून योंकर्सहून रोज अप-डाऊन करणारा, कमी बोलणारा, आणि सर सांगतात ते मापून बघितल्याशिवाय न मानणारा मुलगा. प्रत्येक वर्गात असा एक असतो आणि सगळेच शिक्षक त्याच्यावर खूश असतात असं नाही. सुदैवाने तिथे मायकेल प्युपिन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी त्याला प्रयोगशाळा मोकळी करून दिली.

तेव्हा रेडिओ म्हणजे कानाला हेडफोन लावून, जीव मुठीत धरून ऐकायची गोष्ट होती. ली डी फॉरेस्ट या संशोधकाने १९०६ मध्ये तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह बनवला होता, ऑडिऑन या नावाचा. पण ऑडिऑनच्या आत नेमकं काय चालतं हे त्याला स्वतःलाही नीट उमगलं नव्हतं. आर्मस्ट्राँगने ते मोजलं. प्लेटच्या सर्किटमध्ये ग्रिडवरच्या सिग्नलचंच मोठं रूप असतं, हे त्याने पाहिलं. मग त्याला वाटलं, यातला थोडा भाग परत ग्रिडला दिला तर? १९१२ च्या सप्टेंबरमध्ये योंकर्सच्या माळ्यावर त्याने तसं करून बघितलं आणि फार लांबची स्टेशनं खणखणीत ऐकू येऊ लागली. यालाच रिजनरेशन म्हणतात, आपल्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक. फीडबॅक आणखी वाढवला तर व्हॉल्व्ह स्वतःच ऑसिलेट होतो, म्हणजे ग्राहकाचा प्रक्षेपकही तयार! एका सर्किटमध्ये दोन शोध, आणि वय एकवीस.

पेटंटसाठी पैसे हवे होते. वडिलांनी सांगितलं, आधी डिग्री घे. (हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही?) त्याने लाडकी मोटरसायकल विकून पाहिली, नातेवाइकांकडे हात पसरले, तरी जमेना. शेवटी मामाने सुचवलं, निदान सर्किटची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून ठेव. ३१ जानेवारी १९१३ ची ती तारीख. प्रत्यक्ष पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबर १९१३ मध्ये, डिग्री हातात आल्यावर, आणि ६ ऑक्टोबर १९१४ ला त्याला पेटंट मिळालं. मधल्या काळात जानेवारी १९१४ मध्ये अमेरिकन मार्कोनी कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, कडाक्याच्या थंडीत, त्याचा रिसीव्हर रात्रभर ऐकला आणि तो थक्क झाला. त्या अधिकाऱ्याचं नाव डेव्हिड सार्नॉफ. दोघांची मैत्री जमली. हे नाव लक्षात ठेवा.

इकडे डी फॉरेस्ट पुढे आला. हा परिणाम मी ऑगस्ट १९१२ मध्येच पाहिला होता, असा त्याचा दावा. कोर्टकचेरी सुरू झाली.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला गेला. प्रश्न असा होता, की उंच फ्रीक्वेन्सीचे अगदी क्षीण सिग्नल त्या वेळच्या व्हॉल्व्हना वाढवताच येत नव्हते. त्याने युक्ती केली. उंच फ्रीक्वेन्सी वाढवता येत नाही ना, मग तिला आधी खाली आणा. रिसीव्हरमध्येच एक छोटा ऑसिलेटर ठेवा, आलेला सिग्नल त्याच्याशी मिसळा, आणि दोघांमधला जो फरक उरेल तो कायम एकच ठेवून आरामात वाढवा. हाच १९१८ चा सुपरहेटरोडाइन. आजच्या आकड्यांत सांगायचं तर ९८.३ मेगाहर्ट्झचं स्टेशन लावताना एफएम रिसीव्हरमधला ऑसिलेटर साधारणपणे १०९.० वर असतो आणि फरक १०.७ येतो. नॉब फिरवून दुसऱ्या स्टेशनवर जा, ऑसिलेटर सरकतो, फरक तोच. म्हणूनच एका नॉबवर अख्खा बँड फिरता येतो. तो ऑसिलेटर चालतो तोही फीडबॅकवरच. फ्रान्समध्ये ल्यूसियाँ लेव्हीलाही याच सुमारास अशीच कल्पना सुचली होती आणि पुढे पेटंटचे काही दावे त्याच्या बाजूने गेले. पण रेडिओ आणि पुढे टीव्ही घराघरांत पोचले ते याच पद्धतीवर, आणि अभियंत्यांच्या तोंडी तिच्यासोबत नाव राहिलं ते आर्मस्ट्राँगचं.

युद्धावरून परतला तो मेजर होऊन. १९२० मध्ये वेस्टिंगहाउसने त्याची रिजनरेशन आणि सुपरहेटरोडाइनची पेटंटं ३,३५,००० डॉलरला विकत घेतली. दोन वर्षांनी सुपररिजनरेशन या आणखी एका शोधासाठी आरसीए कंपनीने त्याला २,००,००० डॉलर आणि ६०,००० शेअर दिले. थोड्याच काळात आरसीएचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक हा योंकर्सचा पोरगा होता! आरसीएच्या वरच्या फळीत तोपर्यंत सार्नॉफ पोचला होता. त्याच्या ऑफिसात जाता-येता आर्मस्ट्राँगचा जीव जडला तो त्याच्या सेक्रेटरीवर, मॅरियन मॅकइनिसवर. १९२३ च्या मे महिन्यात हा पठ्ठ्या न्यूयॉर्कमधल्या आरसीएच्या टॉवरवर चढला, अगदी टोकाच्या गोळ्यावर उभा राहिला, फोटो काढून घेतले आणि मॅरियनला पाठवले. सार्नॉफ संतापला. मॅरियन मात्र हसली असावी, कारण त्याच वर्षी १ डिसेंबरला दोघांचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला हातात घेऊन फिरता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ बनवून दिला, पहिलाच.

इथवरची गोष्ट एखाद्या सत्कार समारंभात सांगावी अशी आहे. पुढची तशी नाही.

रिजनरेशनच्या खटल्यात आर्मस्ट्राँग १९२२ पर्यंत जिंकत आला होता. डी फॉरेस्टकडे नुकसानभरपाई द्यायला पैसे नव्हते. भरपाईवर पाणी सोडलं असतं तर निकालावर शेवटची मोहोर उठली असती. वकिलांनी तसं सुचवलं होतं. आर्मस्ट्राँगने नकार दिला. माझा शोध त्याने स्वतःचा म्हणून सांगितला आहे, तर मी एक पैसाही का सोडू, असा त्याचा बाणा. आपल्या पेटंटचा क्रमांक लिहिलेला झेंडा त्याने योंकर्सच्या खांबावर, डी फॉरेस्टला दिसेल असा, फडकवला होता असंही सांगतात. पण निकाल पक्का न झाल्यामुळे दार किलकिलं राहिलं आणि डी फॉरेस्ट त्यातून परत आत आला. १९२४ मध्ये वेगळ्या कोर्टात, वेगळ्या मार्गाने पारडं फिरलं. १९२८ आणि पुन्हा १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. निकालपत्रातली तांत्रिक समज अनेक अभियंत्यांना चुकीची वाटली, पण निकाल तो निकाल.

रिजनरेशनसाठी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने, आजच्या आयईईईच्या पूर्वजाने, आपलं पहिलं मानपदक त्यालाच दिलं होतं. १९३४ च्या अधिवेशनात आर्मस्ट्राँग ते परत करायला गेला. कायद्याने शोध माझा नाही, तर पदक ठेवू कसं? संस्थेने ते परत घेतलं नाही आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. माणसं हुशार होती, ऑसिलोस्कोपपुढे कोण बसलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. पण या टाळ्यांनी जखम भरली नाही.

तरीही कमाल बघा. या वीस वर्षांच्या भांडणाच्या मधोमध त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं होतं.

एएम रेडिओ ज्यांनी ऐकलाय त्यांना हे सांगायला नको : स्वयंपाकघरात मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो, पावसाळ्यात वीज चमकली की कडाडतो. कारण एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर लिहिलेला असतो आणि मिक्सर काय, वीज काय, मुख्यतः त्याच उंचीत गडबड करतात. मग आवाज उंचीवर न लिहिता फ्रीक्वेन्सीवर लिहिला तर? कल्पना जुनीच होती. पण १९२२ मध्ये जॉन कार्सन या मोठ्या गणितज्ञ अभियंत्याने दाखवून दिलं होतं की एफएमने बँडविड्थ वाचत नाही आणि फायदा काहीच नाही. हा तोच कार्सन, ज्याचा बँडविड्थचा नियम आपण पाठ करतो. सगळे एफएम अरुंद पट्ट्यात बसवू पाहत होते, कारण पट्टा जितका अरुंद तितका गोंगाट कमी शिरणार, ही सगळ्यांची पक्की समजूत.

आर्मस्ट्राँगने उलटं केलं. पट्टा अरुंद करण्याऐवजी भरपूर रुंद केला. फ्रीक्वेन्सीला मोकळेपणाने मागे-पुढे झुलू दिलं, की त्या मोठ्या झुलण्यापुढे गोंगाटाने होणारी फ्रीक्वेन्सीची हालचाल किरकोळ ठरते. मग रिसीव्हरमध्ये लिमिटर बसवून लहरीच्या उंचीतली सगळी गडबड छाटून टाकायची आणि डिस्क्रिमिनेटरने फ्रीक्वेन्सीतला बदल परत आवाजात आणायचा. आज आपल्या स्टेशनांना ७५ किलोहर्ट्झपर्यंतचं डेव्हिएशन मिळतं. आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतचा धरला तर कार्सनच्याच नियमाने ७५ अधिक १५, त्याची दुप्पट, म्हणजे १८० किलोहर्ट्झ पट्टा लागतो. एएमच्या कितीतरी पट. ही उधळपट्टी नव्हती, खरखर घालवायची ती किंमत होती. गणित बरोबर होतं, पण प्रश्नच अपुरा विचारला गेला होता. या कामाची पेटंटं त्याला २६ डिसेंबर १९३३ ला मिळाली.

खरखर घालवणारं काहीतरी शोध, असं सार्नॉफ त्याला कितीतरी वर्षं सांगत आला होता. आता तो सापडला होता. १९३४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगमधल्या आरसीएच्या जागेतून चाचण्या सुरू झाल्या. लाँग आयलंडवर आवाज असा स्वच्छ आला की ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. पण सार्नॉफला जुन्या रेडिओत सुधारणा हवी होती. इथे तर सगळी स्टेशनं आणि सगळे संच नव्याने करावे लागणार होते. शिवाय कंपनीचा जीव टीव्हीत अडकला होता. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला तिथून सामान हलवायला सांगण्यात आलं.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्याने निबंध वाचला आणि मग, काहीच पूर्वकल्पना न देता, योंकर्समधल्या एका मित्राच्या घरून एफएम प्रक्षेपण सुरू केलं. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. कागद फाडल्याचा आवाज. एएमवर हे आवाज ओळखूसुद्धा येत नसत. सभागृहात ते शेजारच्या टेबलावरून यावेत तसे आले. हाय-फाय हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण रेडिओतून त्याचा अर्थ काय, हे त्या संध्याकाळी तिथे बसलेल्यांना कळलं.

आरसीए साथ देत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच्या खिशातून न्यू जर्सीत अल्पाइन इथे, हडसनच्या कड्यावर, ४०० फुटांहून उंच टॉवर उभारला. तीन लाख डॉलरहून जास्त खर्च आला. १९३९ मध्ये ते एफएम स्टेशन जोमात चालू झालं. इतर कंपन्या परवाने घेऊ लागल्या. सरकारने १ जानेवारी १९४१ पासून ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यावसायिक एफएमला परवानगी दिली. १९४० मध्ये आरसीएने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले, पुढे रॉयल्टी नाही. बाकीचे परवानाधारक विक्रीवर रॉयल्टी देत होते. त्यांच्यावर अन्याय होईल म्हणून आर्मस्ट्राँगने ते नाकारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याने आपली एफएमची पेटंटं अमेरिकन सैन्याला एक पैसा न घेता वापरू दिली. रणगाड्याच्या घरघरीतही एफएमवर बोलणं कळायचं.

१९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. कारण दिलं ते खालच्या पट्ट्यात वातावरणामुळे होणाऱ्या अडथळ्याचं. आर्मस्ट्राँगच्या मते ते गणित चुकीचं होतं. लोकांच्या घरातले लाखो एफएम संच निरुपयोगी झाले आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आपण आज फिरवतो तो ८८ ते १०८ चा आकडा असा आलेला आहे. त्यातच टीव्ही बाजारात आला, टीव्हीचा आवाजही एफएमवरच होता, आणि आरसीए संचांवर त्याला रॉयल्टी देत नव्हती.

२२ जुलै १९४८ ला त्याने आरसीए आणि तिच्या एनबीसी कंपनीवर दावा लावला. समोर मोठ्या कंपनीची वकिलांची फौज. त्याची एकट्याचीच साक्ष वर्षभर चालली. तारखांवर तारखा पडत गेल्या. १९५० अखेर पेटंटांची मुदत संपली, उत्पन्न आटलं, खर्च चालूच. सार्नॉफनेही साक्षीत एफएमच्या वाढीचं श्रेय आपल्या कंपनीकडे घेतलं. ज्याच्या ऑफिसात लग्न जुळलं, तोच माणूस. आर्मस्ट्राँगला आता दुसरा विषयच उरला नव्हता. जेवताना खटला, झोपताना खटला. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये पैशावरून वाद झाला आणि रागाच्या भरात त्याने मॅरियनच्या हातावर मारलं. तीस वर्षांचा संसार. ती बहिणीकडे निघून गेली.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, घरात एकटा असताना, बायकोची क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून त्याने आयुष्य संपवलं. वय ६३.

इथे थोडं थांबायला हवं. आर्मस्ट्राँगला न्याय मिळाला नाही म्हणून तो गेला, असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. ते खरं नाही, कारण पुढे काय झालं ते बघा. मॅरियन उठली. त्याच वर्षाअखेर तिने आरसीएशी तडजोड केली, दहा लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम घेऊन. म्हणजे १९४० मध्ये नाकारली होती जवळपास तेवढीच. हा पराभव वाटेल, पण तिने त्या पैशाने वकील टिकवले आणि उरलेल्या कंपन्यांना एकेक करून घेतलं. १९५९ मध्ये इमर्सन कंपनीविरुद्धचा दावा जिंकला. शेवटचा मोटोरोलाविरुद्धचा, तो १९६७ पर्यंत चालला आणि तोही जिंकला. एकूण सुमारे एक कोटी डॉलर मिळाले, आणि वाइडबँड एफएम कोणाचं हा वाद संपला.

म्हणजे लढाई खोटी नव्हती. जिंकता येणारी होती. फरक एवढाच की मॅरियनने ती बारा-तेरा वर्षं काम म्हणून लढवली. एक सोडून दिलं, बाकीचं मिळवलं. आर्मस्ट्राँगने ती स्वतःच्या जिवावर घेतली आणि सोडायचं काहीच नाही हे ठरवून टाकलं. आणि शेवटच्या दोन महिन्यांत त्याच्याजवळ असं कुणी नव्हतं, जे म्हणेल, आज खटल्याचं नको बोलूस, चल, चहा घेऊ.

आपल्याकडे कोर्ट नसतं, पण प्रत्येकाचा एखादा खटला असतो. प्रोजेक्ट केला एकाने आणि नाव झालं दुसऱ्याचं. पेपर छान गेला आणि रिझल्ट भलताच आला. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म जरूर भरावा, भांडावंही. पण खोलीचं दार आतून लावून तोच विचार दळत बसू नये. आणि शेजारच्या खोलीतलं दार बरेच दिवस बंद दिसलं, तर ते वाजवावं. स्टाफपैकी जे हे वाचतील त्यांनाही हेच.

आता तो राहिलेला लाल दिवा. एका एफएम लहरीवर एकापेक्षा जास्त कार्यक्रम पाठवायचे प्रयोग आर्मस्ट्राँगने १९३४ पासून केले होते आणि १९५३ मध्ये, एवढ्या मनस्तापातही, कोलंबियातला सहकारी जॉन बोस (स्पीकरवाला बोस वेगळा) याच्यासोबत ते पुन्हा दाखवले होते. तो गेल्यानंतर सात वर्षांनी, १ जून १९६१ पासून, अमेरिकेत एफएम स्टिरिओ सुरू झालं. झेनिथ आणि जनरल इलेक्ट्रिकने बसवलेली ती पद्धत सुरेख आहे. डाव्या-उजव्याची बेरीज नेहमीच्या जागी, म्हणजे साधा संचही ऐकू शकतो. दोघांची वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर. आणि मध्ये १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर, पायलट. हा पायलट सापडला की रिसीव्हर त्याची दुप्पट करून वजाबाकी सोडवतो आणि लाल दिवा लागतो. स्टेशन कमजोर असेल तर स्टिरिओत सुंई असा आवाज वाढतो, कारण एफएममध्ये वरच्या फ्रीक्वेन्सीकडे गोंगाट जास्त असतो आणि वजाबाकी तिथेच बसलेली असते. अशा वेळी मोनोचं बटण दाबायचं. जुना रिसीव्हर तपासताना हे जरूर करून बघा.

आपल्याकडे आकाशवाणीने एफएम आणलं १९७७ मध्ये, तेव्हाच्या मद्रासला. पहिलं खासगी एफएम स्टेशन २००१ मध्ये बंगळूरला निघालं, आणि मग हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत इयरफोन आले. अल्पाइनचा टॉवर आजही उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं आणि त्यावरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांना तात्पुरता आधार दिला तो याच टॉवरने.

तर असा एखादा जुना रिसीव्हर विकायला निघाला आणि आपल्या खिशात तेवढे पैसे असले, तर वॉट विचाराच. पण आधी एफएमवर टाका, नॉब हळूहळू फिरवा, सुई मध्यावर येऊ द्या. खरखर थांबते तो क्षण नीट ऐका. तो आपल्याला सहज मिळालेला आहे, आर्मस्ट्राँगला मिळाला नव्हता.